पाठ घासायची काठी

आमच्या न्हाणीच्या कोपऱ्यात एक काठी उभी असते. निरगुडीची सरळ, हातभर लांब, टोकाला नारळाची शेंडी सुतळीने आवळून बांधलेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ती सात वर्षांपूर्वी स्वतः केली. अंघोळ करताना ते ती खांद्यावरून मागे टाकतात आणि आपली पाठ आपण घासतात. घरी आलेले पाहुणे कौतुक करतात, म्हाताऱ्याने काय डोकं चालवलंय म्हणतात. आबा नुसते हसतात. ती काठी का करावी लागली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मी तर सांगण्याच्या लायकीचाच नव्हतो.

काठीच्या आधी आबांची पाठ माझ्याकडे होती. मी लोणावळ्याला एका हॉटेलात कामाला आहे. शनिवार-रविवार तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे माझी सुट्टी मंगळवारी. मंगळवारी सकाळी घरामागच्या धुण्याच्या दगडावर आबा उघड्या अंगाने बसायचे आणि मी त्यांची पाठ घासायचो. त्यासाठी नदीतून आणलेला एक खरबरीत दगड होता, बरोबर तळव्यात मावणारा. त्यांचं झालं की ते उठायचे, मी बसायचो आणि ते माझी पाठ घासायचे. माझं लग्न झालेलं, पदरात मुलगी, डोक्यावरचे केस पिकायला लागलेले, आणि मी दर मंगळवारी बापापुढे पाठ करून बसायचो. घासून झालं की ते माझ्या ओल्या खांद्यावर दोन थापट्या मारायचे. "झालं, उठ."

त्या दोन थापट्यांची मला इतकी आठवण येते, की कधीकधी हॉटेलात ओल्या टॉवेलांचा गठ्ठा खांद्यावर पडला तरी मी क्षणभर थांबतो.

हॉटेलात माझं काम तळमजल्यावर, धुलाईचं. पाहुण्यांच्या नजरेला आम्ही कधी पडत नाही. वरून चादरी, अभ्रे, टॉवेल खाली येतात. आम्ही धुतो, वाळवण्याच्या मोठ्या यंत्रात फिरवतो, रोलरवर इस्त्री करतो आणि वर पाठवतो. यंत्रांवर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवलाय. कोणतं कापड किती अंशांवर, ते त्यावर लिहिलेलं. ढेकूण, गोचीड, अंगावरचे किडे साठ अंशांच्या वर जगत नाहीत, असंही त्यात एका ओळीत आहे. ती ओळ मला पाठ होती. पुढे जे झालं ते त्या ओळीमुळेच झालं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे.

त्या डिसेंबरात गर्दी एवढी होती की आम्हाला दहा-बारा दिवस घरी सोडलं नाही. कोठीमागच्या खोलीत आम्ही चौघे दोन गाद्यांवर झोपायचो, हाताला येईल ते पांघरूण घ्यायचो. चौघांतला एक सारखा खाजवायचा. विचारलं तर म्हणायचा, डास चावतात. जानेवारीच्या शेवटी माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. बारीक पुटकुळ्या, आणि शिसपेन्सिलीने ओढावी तशी एक वाकडी करडी रेघ. शाळेत असताना मला एकदा खरूज झाली होती. त्यामुळे ती रेघ पाहिली त्याच दिवशी मला कळलं. हे मी स्पष्ट लिहून ठेवतो: मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आदल्या वर्षी गजकर्ण झालेल्या एका कामगाराला हॉटेलाने दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं. पाहुण्यांच्या चादरी हाताळणाऱ्या माणसाच्या हाताला काही दिसता कामा नये. मी रबरी हातमोजे घालून काम करायला लागलो. घरी बायकोने विचारलं तर म्हणालो, थंडीने हात उललेत. खोबरेल चोळत राहिलो. आणि मंगळवारी त्याच हातांनी आबांची पाठ घासत राहिलो. पाठ घासायची टाळली असती तर आबांनी कारण विचारलं असतं.

फेब्रुवारी सरेपर्यंत आबांचं अंग खरजेने भरलं. म्हाताऱ्या कातडीत ती फार लवकर पसरते. मनगटं, कोपर, काखा, कंबर. ते दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. एकदा शेजारची मावशी विरजण मागायला आली होती. तिने पाहिलं आणि अंगणातूनच म्हणाली, "आबा, शेरडांचं घेतलंत का काय अंगावर? रातध्याड त्येंच्यातच बसताय."

आबांच्या दोन शेळ्या होत्या, एक तांबडी आणि एक काळी. आबा हसून म्हणाले, "मावशे, त्यास्नी काय बी न्हाई झालं. मग मला कसं हुईल?"

मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "व्हय, शेरडांचंच असणार."

एवढंच वाक्य. ते ऐकून मावशी गेली आणि तासाभरात आळीला माहीत झालं. बायको घाबरली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आबांचं अंथरूण घरातून पडवीत गेलं. त्यांची थाळी-तांब्या वेगळा झाला. आठ दिवसांत आबांनी दोन्ही शेळ्या बाजारात नेऊन विकल्या आणि रिकामी दावी खुंटीला अडकवली. आणि मुलीला मी स्वतः खाली बसून, तिचे दोन्ही दंड धरून सांगितलं, "आबांना हात लावायचा नाही. कळलं?"

ती आबांचं बोट धरायची नाही, अंगठा धरायची. सगळी मूठ अंगठ्याभोवती आवळून बांधावरून चालायची. दुसऱ्या दिवशी आबा निघाले तशी ती पळत गेली, हात पुढे केला, मग तिला आठवलं आणि तिने हात पाठीमागे नेला. आबांनी पाहिलं. त्यांनीही आपला हात पाठीमागे नेला. मग दोघं तसेच हात मागे बांधून बांधावरून चालत गेले, दोन म्हातारे पाहणीला निघाल्यासारखे. मी ओट्यावरून पाहत होतो. माझे हात खिशात होते.

एवढ्यात बायकोच्या कमरेवर आणि मुलीच्या पावलांवरही पुटकुळ्या उठल्या. दवाखान्यात जायला हवं होतं. पण तिथे सगळ्यांना तपासतात, नाव-गाव-काम लिहून घेतात, आणि दवाखान्यातली गोष्ट गाडीबरोबर लोणावळ्याला पोचते, असं मला वाटायचं. मग मीच वैद्य झालो. औषधाची काही गरज नाही, हे किडे उष्णतेने मरतात, आमच्या यंत्रावर लिहिलंय, असं मी घरात ठासून सांगितलं. माणसाला आपला गुन्हा झाकायला एखादी खरी माहिती मिळाली की तो फार आत्मविश्वासाने बोलतो.

आणि मी कष्ट खूप केले. तेही सांगतो. लग्नाच्या जेवणाचं मोठं पातेलं मागून आणलं आणि अंगणात तीन दगडांवर चढवून सगळ्यांचे कपडे उकळले. ते पत्र्यावर उन्हात टाकले, दुपारी उलटवले. आबांच्या बंडीच्या शिवणींवरून इस्त्री दाबून फिरवली. घोंगडी उकळली तर आक्रसते, म्हणून ती खताच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड बांधून आठ दिवस माळ्यावर ठेवली, उपाशी मरतील म्हणून. आईच्या जुन्या लुगड्यांची एक वाकळ होती. आई गेल्यापासून आबा तीच पांघरायचे. ती पातेल्यात मावेना, म्हणून मी ती पिशवीत घालून हॉटेलात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या नकळत वाळवण्याच्या यंत्रात सगळ्यात जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवली. गोल काचेतून आईच्या लुगड्याचा हिरवा काठ वर जाताना, खाली पडताना दिसत होता. त्याच फेरीत मी माझा शर्टही टाकला होता.

संध्याकाळी वाकळ आबांना दिली. तिला हॉटेलातल्या फुलांचा वास लागला होता. आबांनी ती नाकाला लावली. "आयला. ह्यो कुनाचा वास?"

"साबणाचा हाय."

"तुजी आई म्हनली असती, कुठल्या बाईची वाकळ आणलीस." ते खूप दिवसांनी हसले. मीही हसलो.

दोन-तीन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. कपड्यातले मरत होते, कातडीतले जिवंत होते. हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही म्हणणार नाही. मला वाटलं, उष्णता कमी पडतेय. मी आबांना सांगितलं, अंघोळीचं पाणी अजून ऊन घ्या. सोसेल तेवढं घ्या. ज्या माणसाला वाट्टेल तेवढं सोसतं त्याला मी हे सांगत होतो.

मार्चमध्ये राब भाजायचे दिवस आले. आमच्या मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी तेवढा तुकडा भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांचा पाला, गवत, वरून बारीक माती, आणि मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं. जाळ फारसा दिसत नाही, दिवसभर धुमसत राहतं. मातीतलं तणाचं बी मरतं आणि रोप स्वच्छ उगवतं. आबा राब भाजण्यात वाकबगार. त्या मंगळवारी आम्ही दोघांनी मिळून राब रचला. आबा माझ्यापासून चार हात लांब राहून काम करत होते, मला लागू नये म्हणून.

मध्येच त्यांनी विचारलं, "किती ऊन लागतं म्हनलास त्यास्नी मराया?"

"साठ."

"साठ म्हंजी केवडं?"

मी पाला पसरत होतो. वर न बघता म्हणालो, "हात ठेवला तर ठेववत न्हाई एवढं."

"असं व्हय," आबा म्हणाले.

राब पेटवला. दुपारी मी जेवायला घरी आलो आणि जरा आडवा झालो. आबांची भाकरी घेऊन बायको शेतावर गेली होती. ती धावत परत आली. मी पोचलो तेव्हा आबा राबाच्या भाजून झालेल्या कडेला उकिडवे बसले होते. पुढ्यात ओलं पोतं. ते पोतं त्यांनी गरम मातीवर अंथरलं होतं आणि मनगटापर्यंत दोन्ही हात त्याच्याखाली घातले होते. मी ते ओढून बाहेर काढले. वाफेने आणि मातीने मनगटांची कातडी सुटली होती, मनगटांच्या पाठच्या बाजूला मोठे फोड आले होते.

मी ओरडलो असेन. आबा शांत होते. कपाळावर घामाचे ओघळ. "मेली असतील आता," ते म्हणाले. "हातातली तरी."

"आबा, काय केलंत हे?"

"तण मरतंय तर हे का न्हाई मरायचं?" मग फोडांकडे बघत ते म्हणाले, "परवा पोरगी इचारत व्हती. आबा, बरं झालं का, अंगटा धरू का. म्हनलं, निदान हात तरी मोकळं करावं."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी भाजलेल्या जागा धुतल्या, मलम-पट्टी केली. मग पट्टीबाहेरची बोटं अलगद फाकवून उजेडात पाहिली. आबांनी शेळ्यांचं सांगितलं.

"शेळ्यांची खरूज माणसाच्या अंगात एवढी टिकत नाही, बाबा," बाई म्हणाल्या. "ही माणसाकडून माणसाला येते. घरात आधी कुणाला झाली?"

आबा म्हणाले, "मलाच."

मी पँटच्या खिशात हात घालून शेजारी उभा होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपडे उकळण्याचं, इस्त्रीचं, पिशवीचं सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "कपड्यांचं केलंत ते अगदी बरोबर केलंत. ते करतच राहा. पण अंगाला हा उपाय चालत नाही हो. किडा कातडीच्या आत असतो. तो मरेल एवढं तापवलं तर आधी कातडी जाते." त्यांनी चौघांसाठी मलमाच्या नळ्या दिल्या. मानेपासून पायाच्या नखापर्यंत, सगळ्यांनी एकाच दिवशी, आणि आठ दिवसांनी पुन्हा. कुणीही मला माझं नाव-काम विचारलं नाही. जी भीती धरून मी दीड महिना काढला ती त्या खोलीत कुठेच नव्हती.

महिन्याभरात सगळे बरे झाले. हॉटेलातल्या त्या खाजवणाऱ्या सोबत्याच्या हातात मी मलमाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवली. त्याने ती खिशात घातली. आबांच्या मनगटांवर फिक्या कातडीचे दोन पट्टे राहिले, घड्याळ काढल्यावर राहतात तसे. त्यांचं अंथरूण घरात आलं. थाळी पुन्हा सगळ्यांच्या थाळ्यांत मिसळली.

हात मात्र परत आले नाहीत. मुलीला बिस्किट द्यायचं असलं तर आबा ते ओट्याच्या कठड्यावर ठेवायचे आणि ती उचलून घ्यायची. मी तिला सांगितलं, आता चालतं, आबा बरे झालेत. ती "हो" म्हणाली आणि खेळायला गेली. चार वर्षांच्या मुलाला सवय चार दिवसांत लागते, मोडायला मात्र वर्षं लागतात. बांधावरून चालताना आबांचे हात पाठीमागेच राहिले. पुढच्या मंगळवारी मी दगड घेऊन मागच्या दाराने गेलो तर आबा आधीच न्हाणीत होते आणि त्यांच्या हातात ही काठी होती.

"द्या, मी घासतो," मी म्हणालो.

"आता काठी हाय की. तुजं हात कशाला खराब?"

मी तिथेच सांगायला हवं होतं. त्यानंतर साडेतीनशेच्या वर मंगळवार आले. आमचं घर तसं हसतं-खेळतं आहे. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, आबांवर तिचा जीव आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ ती त्यांना हातभर अंतरावरून दाखवते, त्यांची टोपी लपवते. बाहेरच्या माणसाला काही कमी दिसणार नाही. पण मला दिसतं. जत्रेत गर्दी झाली की इतर म्हातारे नातवंडांचा हात पकडतात. आबा तिला म्हणतात, "माझ्या म्होरं चाल." ती पुढे चालते आणि ते मागून नजर ठेवतात.

यंदा राब भाजताना मी सांगितलं. ठरवून गेलो नव्हतो. राब पेटवून आम्ही आंब्याच्या सावलीत बसलो होतो, धूर भाजे लेण्यांच्या डोंगराकडे जात होता. आबांनी तंबाखू मळायला घेतली आणि त्यांची मनगटं माझ्यासमोर आली.

"आबा, त्या वर्षीची खरूज माझ्यापासनं आली व्हती. हॉटेलातनं. मला म्हाईत व्हतं."

त्यांचा अंगठा तळव्यावर थांबला. मी सगळं सांगितलं: खोली, पांघरुणं, हातमोजे, दारात उभं राहून बोललेलं वाक्य. ते राबाकडे बघत राहिले.

"म्हंजी शेरडांचं नव्हतं," ते म्हणाले.

"न्हाई."

"उगा इकली मग." त्यांनी तंबाखू पुन्हा मळायला घेतली. "तांबडी लय गुणाची व्हती. बाजारात सोडून निघालो तर मागं बगून वरडत व्हती. मी म्हनलं, वरड. तुज्यामुळं माझी पोरगी लांब गेली."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय आखडून घेतले. रागाने नाही, सवयीने.

"मला काय सांगतुस," ते म्हणाले. "पोरीला सांग. तिला सांगितलं व्हतंस ना हात लावू नगं म्हनून? मग आता खरं काय ते तिलाच सांग."

घरी जाऊन सांगितलं. ती दप्तर भरत होती. तिने सगळं ऐकलं, भुवया वर केल्या. "मी आबांचा अंगठा धरायचे? मला तर काहीच आठवत नाही, पप्पा." मग तिला हसू आलं. "अख्खा अंगठा? मुठीत?" तिने आपल्या डाव्या हाताची मूठ उजव्या अंगठ्याभोवती आवळून पाहिली, सोडली, आणि पुन्हा वह्या भरायला लागली. जे तिच्याजवळ होतं हेच तिला ठाऊक नव्हतं, ते मी हिरावलं असं तिला कोणत्या शब्दांत सांगायचं?

त्यानंतरच्या मंगळवारी मी तो दगड शोधला. बायकोने तो मागच्या दाराला अटकाव म्हणून लावला होता. घासून धुतला. आबा धुण्याच्या दगडावर येऊन बसले. मी बादली भरत असताना ते एवढंच म्हणाले, "पानी लय तापवू नगंस."

पाठ पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहे. मणके हाताला लागतात. मी हळू घासलं. झाल्यावर ते उठले, आणि मी विचार न करता त्यांच्या जागेवर पाठ करून बसलो. मागे न्हाणीत खुडबुड ऐकू आली. मग माझ्या पाठीवरून नारळाची शेंडी फिरायला लागली. आबा मागे उभे राहून काठीने माझी पाठ घासत होते. अगदी नीट, दोन्ही खांदे, मानेखालचा खळगा, कमरेपर्यंत. शेवटी त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं.

"झालं, उठ," ते म्हणाले.

मी बसून राहिलो. पाणी खांद्यांवरून, पाठीवरून ओघळून थंड होत गेलं.

"काय राह्यलं?"

"काय न्हाई," मी म्हणालो, आणि आणखी थोडा वेळ तसाच बसलो.